हार्ड डिस्क नसलेली कम्प्युटर लॅब: नवीन शिकणाऱ्यांसाठी माझा अनुभव

आयटीआयमधून कोपा (कम्प्युटर ऑपरेटरचा ट्रेड) केलेली किंवा बीसीए-बीसीएसच्या शेवटच्या वर्षाची मुलं कधीकधी विचारतात की सर नेटवर्किंगमध्ये यायचंय, कुठला कोर्स लावू. लावा ना, कोर्सला माझी ना नाही, पण त्याआधी एकदा डिस्कलेस लॅब, म्हणजे जिथे मशीनमध्ये हार्ड डिस्क नसते आणि सगळं एका सर्व्हरवरून नेटवर्कने येतं अशी लॅब, स्वतःच्या हाताने उभी करून बघा असं मी सगळ्यांना सांगतो. डीएचसीपी (मशीनला आयपी म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता देणारं), टीएफटीपी (बूटच्या फाइली पाठवणारं), एनएफएस (सर्व्हरवरच्या फाइली नेटवर्कवरून वाचायला देणारं), एसएसएच (दुसऱ्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करणारं), कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा), स्विच (सगळ्यांच्या केबली जोडणारा डबा) हे सगळं पुस्तकात वेगवेगळ्या धड्यांत असतं, त्याची नावं पाठ होतात आणि परीक्षेनंतर विसरतात, इथे मात्र ते सगळं एकाच मशीनच्या स्क्रीनवर मिनिट-दीड मिनिटात एकामागोमाग एक जातं आणि मधे कुठे अडकलं तर कुठे अडकलं हे ती स्क्रीनच सांगते. फक्त ते वाचायची सवय पाहिजे. बहुतेक जण वाचतच नाहीत, काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं दिसली की रीस्टार्टचं बटण दाबतात.

मी हे काम एका तालुक्याच्या गावातल्या शाळेत शिकलो. परिस्थिती नेहमीचीच. कुठल्यातरी ऑफिसने देणगीत दिलेली जुनी कोअर टू ड्युओ मशीनं, २ जीबी रॅम, निम्म्या हार्ड डिस्क टकटक करणाऱ्या, कुठे एक्सपी कुठे सेव्हन, आणि मुलांच्या पेनड्राइव्हमधून आलेला व्हायरस सगळीकडे सारखा. एकेक मशीन फॉरमॅट करत बसायचं, शेवटचं होईपर्यंत पहिलं परत बिघडलेलं. मग डिस्क सगळ्यांच्याच काढायच्या, एक बरं मशीन सर्व्हर करायचं आणि बाकीच्यांनी, म्हणजे क्लायंटनी, नेटवर्कवरून लिनक्स उचलायचं असं ठरलं. सर्व्हर म्हणजे काही मोठं प्रकरण नाही हं, साधं आय फाइव्ह, ८ जीबी रॅम आणि एक एसएसडी.

इथे एक गोष्ट आधीच क्लिअर करून घ्या कारण यात नव्या लोकांचा हमखास गोंधळ होतो. प्रोग्राम कुठे चालतो हा प्रश्न आहे. जुन्या पद्धतीच्या थिन क्लायंटमध्ये प्रोग्राम सर्व्हरवर चालायचा आणि फक्त चित्र क्लायंटवर यायचं. हिशोब करून बघा, १०२४ गुणिले ७६८ ची स्क्रीन, प्रत्येक पिक्सेलला ३ बाइट, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे एका मशीनवर फुल स्क्रीन व्हिडिओ लावला की सेकंदाला साधारण ५९ एमबी. १०० एमबीपीएसच्या केबलमधून सेकंदाला जेमतेम १२ एमबी जातात. चित्र काहीतरी कॉम्प्रेस करून पाठवता येतं, पण मग तो सगळा भार परत सर्व्हरच्या प्रोसेसरवर, आणि अख्ख्या वर्गाने एकदम यूट्यूब लावलं की सर्व्हर बसलाच. त्यामुळे आता जी पद्धत वापरतात ती वेगळी आहे, ऑपरेटिंग सिस्टीम आणि फाइली सर्व्हरवर राहतात पण प्रोग्राम क्लायंटच्याच प्रोसेसरवर आणि रॅममध्ये चालतात. याला फॅट क्लायंट म्हणतात, कोणी नुसतं डिस्कलेस म्हणतात, आणि बोलण्यात सगळेच थिन क्लायंट म्हणतात, त्यावरून वाद घालू नका. आपल्याकडे अशा जुन्या मशीनला ही पद्धत बरोबर बसते. २ जीबीत लिब्रेऑफिस आणि मुलांचे जीकॉम्प्री, टक्सपेंट मस्त चालतं, ब्राउझरमध्ये मात्र पाच-सहा टॅब उघडले की रॅम संपलीच म्हणून समजा, तेव्हा जमलं तर ४ जीबी करून घ्या, जुनी रॅम स्वस्तात मिळते.

सॉफ्टवेअर म्हणाल तर एलटीएसपी, म्हणजे लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट. १९९९ मध्ये जिम मॅक्विलन यांनी हा प्रोजेक्ट सुरू केला आणि २०१९ मध्ये अल्किस जॉर्जोपुलोस या ग्रीक डेव्हलपरने तो जवळजवळ नव्याने लिहून काढला. ही तारीख मी उगाच सांगत नाहीये. नेटवर सापडणारी बरीचशी ट्युटोरियल त्याआधीची आहेत आणि ती आता चालत नाहीत. त्यात एलटीएसपी-बिल्ड-क्लायंट अशी कमांड दिसली किंवा क्लायंटसाठी वेगळं क्रूट (सर्व्हरच्या एका फोल्डरमधली वेगळी सिस्टीम) बनवायला सांगितलं असेल तर ते पान तिथेच बंद करा, दोन दिवस वाचतील.

नवीन पद्धत खरंच सोपी आहे. सर्व्हरवर उबंटू किंवा डेबियनचा नेहमीचा डेस्कटॉप टाकायचा, आम्ही माटे टाकला कारण जुन्या मशीनवर हलका जातो, त्यावर शाळेला लागतं ते सगळं टाकायचं, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड, फॉन्ट, प्रिंटर, सगळं. मग एलटीएसपी इमेज ही कमांड चालवली की सर्व्हरचीच सिस्टीम दाबून तिची एक स्क्वॅशएफएस फाइल बनते, आणि सगळी क्लायंट मशीनं तीच फाइल वाचून चालू होतात. म्हणजे सर्व्हरवर जे दिसतं तेच वर्गात सगळ्यांना दिसणार. त्यानंतर आयपीएक्सई (नेटवर्क बूटचा मेन्यू दाखवणारं), एनएफएस, डीएनएसमास्क (डीएचसीपी आणि टीएफटीपीचं काम करणारा प्रोग्राम) आणि इनिटआरडी (बूटच्या वेळी कर्नलसोबत जाणारी छोटी फाइल) याच नावांच्या एलटीएसपीच्या कमांड एकेकदा चालवायच्या. नवीन सॉफ्टवेअर टाकलं की इमेज परत बनवायची, आणि नवीन युजर बनवला किंवा कॉन्फिग फाइल बदलली की इनिटआरडीची कमांड परत मारायची. हे शेवटचं भिंतीवर लिहून चिकटवा. नवीन विद्यार्थ्याचं खातं सर्व्हरवर बरोबर चालतं आणि क्लायंटवर लॉगिनच घेत नाही, अशी तक्रार आली की दहातल्या नऊ वेळा हेच राहिलेलं असतं.

डीएनएसमास्कची खरी गंमत म्हणजे प्रॉक्सी डीएचसीपी. ब्रॉडबँडवाल्याने दिलेला राउटर आधीपासून सगळ्यांना आयपी वाटत असतो आणि त्याचा पासवर्ड बहुतेक वेळा कोणाला माहीत नसतो. हरकत नाही, त्याला हात लावायचाच नाही. आयपी राउटर देईल, आणि बूटची फाइल कुठून घ्यायची एवढंच आपला सर्व्हर सांगेल, क्लायंट दोन्ही उत्तरं एकत्र करून पुढे जातो. मला पहिल्यांदा हे वाचून खोटंच वाटलं होतं.

आता स्क्रीन वाचायचा भाग, हाच मुख्य. जुन्या बायोसच्या मशीनवर नेटवर्क बूट फसलं की एक कोड येतो. पीएक्सई म्हणजे कार्डातलं नेटवर्क बूट. पीएक्सई ई६१ आला म्हणजे केबल, पोर्ट नाहीतर बंद स्विच, बाकी काही बघू नका, आधी मागे हात घालून केबल दाबा. ई५१ म्हणजे डीएचसीपीचं उत्तरच आलं नाही, ना राउटर बोलला ना सर्व्हर, म्हणजे मागणी त्यांच्यापर्यंत पोचतच नाही, नाहीतर पुढे सांगतो ती स्विचची भानगड. ई५३ म्हणजे आयपी मिळाला पण बूट फाइलचं नाव मिळालं नाही, राउटर बोलला आणि आपला सर्व्हर गप्प राहिला, तर सर्व्हरवर डीएनएसमास्क चालू आहे का बघा. ई३२ म्हणजे फाइलचं नाव कळलं पण टीएफटीपीने ती मिळेना, इथे नव्वद टक्के फायरवॉल, यूडीपीचा ६९ नंबरचा पोर्ट. याच्या पुढे गेलं की आयपीएक्सईचा मेन्यू येतो आणि तो आला म्हणजे केबल, डीएचसीपी, टीएफटीपी हे तिघं तुमच्या संशयातून सुटले.

मेन्यूनंतर कर्नल लोड होऊन जर काळ्या स्क्रीनवर इनिटरॅमएफएस असं लिहून नुसता प्रॉम्प्ट आला तर कर्नल चालू झाला पण त्याला सर्व्हरवरची इमेज मिळाली नाही, म्हणजे एनएफएस, पोर्ट २०४९, किंवा त्या मशीनच्या नेटवर्क कार्डचा ड्रायव्हर. आणि लॉगिन स्क्रीन आली, पासवर्ड बरोबर आहे, तरी घेत नाही, आणि इनिटआरडी केलेलं आहे, तर एसएसएच बघा. एलटीएसपी पासवर्ड तपासायला एसएसएच वापरतं आणि विद्यार्थ्याचं होम फोल्डरही त्याच वाटेने येतं, त्यामुळे कोणी सिक्युरिटीच्या नावाखाली सर्व्हरवर एसएसएचचं पासवर्ड लॉगिन बंद केलं की सगळ्या वर्गाचं लॉगिन बंद. नवीन यूईएफआयवाली (बायोसच्या जागी आलेलं) मशीनं असतील तर कोड वेगळे दिसतात पण पायऱ्या त्याच, फक्त सिक्युअर बूट बंद करून घ्यावं लागतं.

स्विचची भानगड अशी. आमच्याकडे कोणीतरी एका ऑफिसातून निघालेला मॅनेज्ड (आत सेटिंग बदलता येणारा) स्विच आणून दिला, सगळे खूश, आणि दुसऱ्या दिवसापासून मशीनं बूट होईनात. झाली तर एखादं दुसरं, तेही दोन-तीनदा रीस्टार्ट केल्यावर. सगळे म्हणायला लागले लिनक्स खराब आहे, हे वाक्य तुम्हाला आयुष्यभर ऐकावं लागणार आहे. प्रकार असा होता की त्या स्विचवर स्पॅनिंग ट्री (केबलींचा लूप टाळणारी सोय) चालू होतं. पोर्टला लिंक आली की तो १५ सेकंद ऐकतो, १५ सेकंद शिकतो, आणि मग डेटा सोडायला लागतो, म्हणजे पहिली ३० सेकंद पोर्टचा दिवा लागलेला असतो पण आत काही जात नाही. तोपर्यंत क्लायंट डीएचसीपी मागून मागून दमतो. बरं हे एकदाच होत नाही, कर्नल चालू होताना नेटवर्क कार्ड रीसेट करतो, लिंक परत पडते, परत ३० सेकंद. क्लायंट लावलेल्या पोर्टवर पोर्टफास्ट (ही वाट न बघता पोर्ट लगेच सोडणारी सेटिंग) चालू केलं की संपलं. साधा अनमॅनेज्ड स्विच असता तर हा त्रासच नव्हता, लहान लॅबला तोच घ्या, फक्त गिगाबिट घ्या.

गिगाबिट का, तर परत हिशोब. धरून चला की लॉगिनपर्यंत यायला एक मशीन ३०० एमबी वाचतं, २० मशीनं एकदम चालू केली की ६ जीबी. सर्व्हरची केबल १०० एमबीपीएसची असेल तर आठ मिनिटांच्या वर, तासिका ३५ मिनिटांची. गिगाबिट असेल तर मिनिटभर. क्लायंट १०० चे असले तरी चालतात, सर्व्हर ते स्विच ही एक केबल गिगाबिट पाहिजेच. आणि सर्व्हर गिगाबिट, क्लायंट १०० असं मिश्रण असेल तर इथरनेटचा फ्लो कंट्रोल बंद करावा लागतो, नाहीतर एक हळू मशीन स्विचला थांब म्हणतं, स्विच सर्व्हरला थांब म्हणतो आणि बाकी सगळेही थांबतात.

त्या एका केबलवरून आठवलं, सर्व्हरचं कार्ड गिगाबिट, स्विच गिगाबिट, तरी स्पीड १०० च दाखवत असेल तर कनेक्टर डोळ्यासमोर धरून रंग बघा. पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. १०० ला नारंगी आणि हिरव्या दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. निळी किंवा तपकिरी तार पिनपर्यंत पोचली नसेल तर केबल चालते, पण १०० वरच. घाईत क्रिम्प केलेल्या केबलमध्ये तपकिरी तार हमखास अर्ध्यात राहिलेली असते. टेस्टर लावला की आठातले सातच दिवे लागतात. कनेक्टरचं पाकीट आणि बरं क्रिम्पिंग टूल स्वतःचं ठेवा, दुसऱ्याचं मागत फिरू नका.

बाकी बारीकसारीक. जुन्या मशीनची सीआर २०३२ बॅटरी मेलेली असते, विजेचा मुख्य स्विच बंद झाला की बायोस नेटवर्क बूट विसरतो आणि सकाळी नो बूट डिव्हाइस. सरळ सगळ्या बॅटऱ्या एकदम बदला. यूपीएस सर्व्हरला लावतात आणि नेटवर्कच्या स्विचला लावायला विसरतात, स्विच बंद पडला तर सर्व्हर चालू असून काय उपयोग. शाळेच्या ऑफिसातलं शालार्थ (पगाराचं) आणि यू-डायसचं (शाळेच्या माहितीचं) काम करणारं मशीन या सगळ्यातून बाहेर ठेवा, क्लार्क भाऊसाहेबांचं पगार बिल अडकलं तर तुमची लॅब कितीही भारी असो, कोणी ऐकून घेणार नाही. प्रत्येक मशीनवर नंबर आणि मॅक अॅड्रेस (नेटवर्क कार्डचा स्वतःचा पत्ता) मार्करने लिहून ठेवा, कॉन्फिगमध्ये मॅकनुसार मशीनला नाव देता येतं, आणि मग एपोप्टीस हा वर्गावर नजर ठेवायचा प्रोग्राम चालू केला की शिकवणाऱ्या बाईंना त्यांच्या टेबलावरून दिसतं सात नंबरवर कोण काय करतंय. बाईंना लिनक्स पटलं ते यामुळेच, माझ्या भाषणामुळे नाही. एका बटणात सगळ्यांच्या स्क्रीन लॉक होतात हे बघितल्यावर त्यांनी विंडोजचं नाव काढलं नाही.

घरी लॅब नसेल तर एका लॅपटॉपवर होतं, ८ जीबी रॅम असली म्हणजे झालं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक सर्व्हर बनवा, त्याला दोन नेटवर्क कार्ड द्या, एक नॅट आणि एक इंटर्नल नेटवर्क. दुसरं मशीन बनवताना डिस्क द्यायचीच नाही, बूट ऑर्डरमध्ये नेटवर्क पहिलं, कार्ड त्याच इंटर्नल नेटवर्कवर. इथे राउटर नाही म्हणून प्रॉक्सी नको, डीएनएसमास्कलाच पूर्ण डीएचसीपी द्यायला सांगा. चाललं की मुद्दाम तोडा. डीएनएसमास्क बंद करून बघा काय येतं, एनएफएस बंद करून बघा, फायरवॉलमध्ये ६९ अडवून बघा, आणि शेजारी वायरशार्क (नेटवर्कवर काय जातंय ते दाखवणारा प्रोग्राम) लावून ठेवा. व्हर्च्युअल मशीनवर कोड वरच्यासारखे दिसणार नाहीत, कारण तिथे बऱ्याचदा थेट आयपीएक्सईच असतं, पण कुठल्या पायरीवर थांबलं ते तसंच कळतं. मुलाखतीत डीएचसीपीच्या चार पायऱ्या सांगा म्हटलं की डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, अॅक्नॉलेज हे सगळेच सांगतात, मग समोरचा विचारतो की ऑफर दोन आले तर क्लायंट काय करतो, आणि तिथे बहुतेक जण गप्प होतात. प्रॉक्सी डीएचसीपीचं कॅप्चर बघितलेल्या पोराला हे विचारायची सोय नाही, तो उलट विचारतो, दोन्हीत बूट फाइल आहे की एकातच?