पुण्याला जावं का घरी थांबावं, ठरवायचं कसं

पुण्यातल्या नोकरीचं लेटर आलंय, जॉईनिंगला महिना आहे, आणि इकडं घरात आई-वडील, चार म्हसरं आणि दीड एकर ऊस. अशा वेळी ‘जाऊ का नको’ हा प्रश्न चार दिवस बाजूला ठेवा, तो घेऊन बसलात की झोप पण जाते आणि उत्तर पण मिळत नाय. एक वही घ्या आणि घरची जबाबदारी म्हणजे नेमकी कुठली कुठली कामं ते लिहून काढा. मोघम नको. पहाटे धार कोण काढतं, डेअरीला कॅन कोण पोचवतं, शेतीची लाईट रात्रीची असते त्या आठवड्यात पाणी पाजायला कोण जातं, आबांची बीपीची गोळी संपली की मेडिकलला कोण जातं, सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, केसपेपरच्या लाईनीत कोण उभं राहतं, भावकीतल्या लग्नाला आहेर घेऊन कोण जातं, सगळं.

मग एकेका कामापुढं लिहा, याला माणूसच लागतंय, का पैशानं भागतंय, का फोनवर होतंय. मोटरीला मोबाईल स्टार्टर बसतो, लाईट बिल ऑनलाईन भरता येतं, गोळ्या महिन्याच्या एकदम आणून ठेवता येतात. उसाला तोड आली की मात्र घरातलं कोणतरी शिवारात पायजेच, कारखाने दिवाळीच्या मागंपुढं चालू होतात, तेव्हाची रजा आत्तापासूनच डोक्यात धरा. आणि धारेला रोज दोन वेळा माणूस लागतं, त्याला दुसरा उपाय नाय, म्हणून दोन म्हसरं कमी करायची का हे घरात बोलायलाच लागतं. हे बोलणं जड जातं, कारण दर दहा दिवसाला येणारं दुधाचं बिल हाच बऱ्याच घरात आईच्या हक्काचा पैसा असतो. तेवढे पैसे तुम्ही दर महिन्याला तिच्या स्वतःच्या खात्यावर टाकणार असाल तरच म्हैस विकायचा विषय काढा.

आणखी एक, तुम्ही सोडलेलं काम हवेत जात नाय, ते बहुतेक वेळा वहिनीच्या नायतर बहिणीच्या अंगावर पडतं. वहीत तिचं नाव लिहायच्या आधी तिला विचारा, आणि ती नको म्हणाली तर ते नको धरूनच पुढचा हिशोब करा.

आई-वडलांना ‘मी जाऊ का’ असं विचारू नका, ‘जा की, आमचं काय’ एवढंच उत्तर येणार. ‘मी नसल्यावर तुम्हाला सगळ्यात जड काय जाईल’ असं विचारा, आणि दोघांना वेगवेगळं विचारा, आईला चुलीपाशी, आबांना बांधावर. कधीकधी उत्तर कामाचं नसतंच, संध्याकाळी घर खायला उठतं एवढंच असतं, आणि ते पैशानं भागत नाय, त्याला रोजचा ठरलेल्या वेळेचा फोन आणि महिन्यातनं एक मुक्कामाची खेप लागते.

गाव नदीकाठचं असेल, कोल्हापूरजवळच्या चिखली-आंबेवाडीसारखं, तर जुलै-ऑगस्टचा प्लॅन वेगळा करा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. 2019 ला आणि 2021 ला शिरोलीजवळ हायवेवरच पाणी आलेलं, म्हणजे पुण्यातनं निघालात तरी घरी पोचता येत नाय. म्हणून म्हसरं कुणाच्या गोठ्यात न्यायची, टेम्पो कुणाचा, आबांना कुठं ठेवायचं हे मे महिन्यातच ठरवा, आणि हलायचं ते 39 लाच, 43 ची वाट बघत बसायचं नाय.

जायच्या आधी कागदाची कामं उरकून घ्या. 70 वर्षं पूर्ण झालेल्यांना 2024 पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान कार्ड मिळतं, वर्षाला 5 लाखांपर्यंतच्या उपचाराचं, ते काढून ठेवा. गाव सोडलं म्हणून वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा जात नाय, आणि 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलींचा हक्क मुलांएवढाच आहे, तेव्हा पोरींनो, या भीतीनं थांबू नका. आई-वडलांना सांभाळायची जबाबदारी 2007 च्या कायद्यानं सगळ्या सज्ञान मुलांवर आहे, एकट्या जवळ राहणाऱ्यावर नाय, हे मुंबईच्या दादाला पण शांतपणे सांगा.

घरात कोणी अंथरुणाला खिळलंय, डायलिसिस चालू आहे आणि दुसरं माणूसच नाय, तर माझ्या मते या वर्षी थांबा, कंपनीला मेल करून जॉईनिंग पुढं ढकलता येतंय का ते विचारा. पण थांबायचं तर मुदत घालून, पुढच्या पाडव्यापर्यंत असं सगळ्यांसमोर बोलून, आणि उसाच्या बिलातली ठरलेली रक्कम तुमच्या खात्यावर येईल हे पण त्याच बैठकीत ठरवून.