फ्यूज उडाला म्हणून ट्रान्सफॉर्मर बदलू नका

व्हॉल्व्ह अ‍ॅम्प (काचेच्या नळ्यांवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर) चालू करताच फ्यूज गेला की पहिला संशय पॉवर ट्रान्सफॉर्मरवर. खरा चोर बहुधा त्याच्या पुढे असतो: शॉर्ट झालेला रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग), फिल्टर कंडेन्सर (तो डीसी साठवून सपाट करणारा) नाहीतर आउटपुट व्हॉल्व्ह. म्हणून आधी ट्रान्सफॉर्मर सर्किटपासून सुटा करायचा.

प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये ४०० व्होल्टच्या वर डीसी साठून राहू शकतो. १० किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरला इन्सुलेशनवाल्या क्लिपा लावा. एक चासीला, दुसरी कंडेन्सरच्या पॉझिटिव्हला, दहा सेकंद. मग मीटर लावा. १० व्होल्टच्या खाली येईपर्यंत हात आत नाही, आणि प्रत्येक कंडेन्सर वेगळा तपासायचा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडायची सवय सोडा. घरच्या ईएलसीबीवर (शॉक लागला की वीज तोडणाऱ्या स्विचवर) विसंबू नका: सेकंडरी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची अ‍ॅम्पकडची वाइंडिंग, मेन्सपासून वेगळी असते, तिथला शॉक त्याला कळतच नाही. चालू सर्किटवर मोजताना मीटरच्या क्लिपा वीज बंद असतानाच लावून ठेवा. गोव्याच्या पावसाळ्यात फरशी ओलसर असेल तर काम दुसऱ्या दिवशी.

आता सिरीज बोर्ड, म्हणजे ज्यातून वीज आधी बल्बमधून आणि मग अ‍ॅम्पला जाते. ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब फेजमध्ये सिरीजला. एलईडी इथे उपयोगाचा नाही. सगळे व्हॉल्व्ह काढून अ‍ॅम्प त्यावर लावा. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ट्रान्सफॉर्मर बहुतेक ठीक. एकेक व्हॉल्व्ह परत घाला, रेक्टिफायरपासून. बल्ब लखलखीतच राहिला तर प्लग काढा, कंडेन्सर पुन्हा रिकामे करा, फोटो काढा, सेकंडरीच्या सगळ्या तारा सोडवा आणि प्रत्येक टोक वेगळे टेपने गुंडाळा. डायोडचा रेक्टिफायर असेल तर ही पायरी चुकवू नका, कारण व्हॉल्व्ह काढले तरी कंडेन्सर जोडलेलाच राहतो. सगळे सोडवूनही बल्ब लख्ख? मग ट्रान्सफॉर्मर गेला.

ओहम मीटर इथे फसवतो. प्रायमरी (मेन्सकडची वाइंडिंग) साधारण १० ते २० ओहम, फिलामेंटची (व्हॉल्व्ह तापवणारी) वाइंडिंग १ ओहमच्याही खाली. आतले दोन-चार वळसे शॉर्ट असले तरी आकडा हलत नाही. एचटीच्या (जास्त व्होल्टच्या सेकंडरीच्या) दोन भागांत काही ओहमांचा फरक असतोच, बाहेरच्या वळशांना तार जास्त लागते. व्होल्टेज मात्र दोन्हीकडे सारखेच हवे.

बोटीवरच्या माणसाने आणलेल्या अमेरिकन अ‍ॅम्पची गोष्ट वेगळी. १२० व्होल्टचा अ‍ॅम्प २३० वर लावला तर कोअर (आतला लोखंडी गाभा) सॅच्युरेट होतो, म्हणजे त्याला आणखी चुंबकत्व पेलवत नाही, आणि प्रायमरी जळते. व्होल्टेज उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला तरी अ‍ॅम्पच्या माहितीच्या प्लेटवर फक्त ६० हर्ट्झ लिहिलेले असेल तर आपल्या ५० हर्ट्झवर तो जास्त तापणार, घुमणार. ‘५०/६०’ बघूनच घ्या.

महिनोन्‌महिने बंद पडलेल्या अ‍ॅम्पला ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) वाइंडिंग आणि चासीमधले इन्सुलेशन तपासा, अर्थात तारा सोडवूनच. रीडिंग कमी आले तर लगेच भंगारात नको; दमट हवेने असे होते. ट्रान्सफॉर्मर पेटीत ४० वॅटच्या बल्बजवळ दोन दिवस ठेवा, पुन्हा मोजा.

रिवाइंड करायला देताना पंप-मोटारवाल्याला स्पष्ट सांगा: एचटीच्या प्रत्येक थरामध्ये कागद, शेवटी व्हार्निश. परत आल्यावर पहिली वीज सिरीज बोर्डवरूनच. नंतर बल्ब काढून, सगळे व्हॉल्व्ह लावून फिलामेंट मोजा: ५.७ ते ६.९ व्होल्ट.