खुळखुळ ऐकू आली की जागच्या जागी थांबायचं (ॲरिझोनात नवीन आलेल्यांसाठी)

फिनिक्सला आमच्या ओळखीत दर वर्षी मार्चच्या सुमारास कुणाचे ना कुणाचे आईबाबा भारतातून येतात आणि दुसऱ्या दिवशी डोंगरावर फिरायला जाताना तोच प्रश्न, इथले साप म्हणे वाजतात? वाजतात. पण प्रत्येक वेळी वाजतीलच असं नाही, आणि सगळी गंमत तिथेच आहे, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

रॅटलस्नेक, म्हणजे शेपटीला खुळखुळं असलेला हा विषारी साप, फक्त अमेरिका खंडातच सापडतो, कॅनडाच्या दक्षिण भागापासून खाली अर्जेंटिनापर्यंत. एकट्या ॲरिझोनात त्याच्या १३ जाती आहेत, अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याच राज्यात इतक्या नाहीत. आपल्या आसपास जास्त दिसतो तो वेस्टर्न डायमंडबॅक, अंगावर शंकरपाळ्यासारखी नक्षी आणि शेपटीवर काळे-पांढरे पट्टे, साधारण तीन-चार फूट लांब. दुसरा मोहावी, दिसायला जवळपास तसाच, पण त्याच्या विषात मज्जासंस्थेवर परिणाम करणारा भाग असू शकतो म्हणून त्याचं नाव जास्त. कुठला कुठला ते ओळखत बसू नका, दोन्हीपासून तेवढंच लांब राहायचंय.

आता ते खुळखुळं. आत खडे-बिडे काही नसतात. आपल्या नखांत असतं तेच केराटिन, त्याच्या पोकळ कड्या एकमेकीत सैल अडकवलेल्या, आणि शेपटीचे स्नायू सेकंदाला पन्नासच्या वर वेळा हलतात तेव्हा त्या एकमेकींवर आपटून आवाज होतो. कात टाकली की एक कडी वाढते, पण कात वर्षातून दोन-तीनदाही टाकतो आणि टोकाच्या कड्या तुटून पडतात, त्यामुळे कड्या मोजून वय सांगणारा काका भेटला तर हसून पुढे जा. पिल्लाला जन्मतः एकच बटण असतं, ते वाजत नाही, विष मात्र पहिल्या दिवसापासून असतं. (हो, पिल्लंच जन्माला घालतो, अंडी नाही, आपल्या घोणशीसारखंच.)

आवाज खुळखुळ्यासारखा येईल अशी वाट बघत राहिलात तर फसाल. मला पहिल्यांदा ऐकला तेव्हा वाटलं कुठेतरी पाण्याचा पाइप फुटलाय. उन्हाळ्यात झाडावरचे किडे पण जवळपास तसेच ओरडतात. घोणस कुकरसारखी फुसफुसते, फुरसं खवले घासून करवत चालवल्यासारखा आवाज काढतं, त्याच पंगतीतलं हे, म्हणणं एकच, मी इथे आहे, पाय देऊ नकोस. पण वाजवलं की आपण कुठे बसलोय हे पण कळतं ना, म्हणून बऱ्याचदा तो गप्प पडून राहणंच पसंत करतो. म्हणजे आवाज नाही याचा अर्थ साप नाही असा अजिबात काढायचा नाही.

म्हणून खरं काम कानाचं नाही, डोळ्यांचं. पायवाटेच्या मधून चालायचं, दगड किंवा ओंडका ओलांडताना पलीकडे बघून मगच पाय टाकायचा, आणि चढताना आधारासाठी वरच्या खडकावर न बघता हात ठेवायची आपली सह्याद्रीतली सवय इथे सोडा. वसंतात आणि शरदात तो दिवसा उन्हात पडलेला सापडतो, जून-जुलैत दिवसा सावलीत आणि रात्री बाहेर, म्हणून उन्हाळ्यात जेवण झाल्यावर शतपावलीला निघताना सँडल नको, बूट घाला आणि टॉर्च घ्या. तापलेला डांबरी रस्ता त्याला आवडतो. शिवाय अंधारात त्याचं काही अडत नाही, डोळा आणि नाकपुडीच्या मध्ये एक खड्डा असतो त्यातून त्याला उंदराच्या अंगाची उष्णता कळते. आपल्याकडच्या चापड्याला पण असाच खड्डा असतो.

आवाज आलाच तर थांबा, उडी मारू नका, कारण उडी कुठे पडेल ते तुम्हाला माहीत नाही. आधी तो कुठे आहे ते नजरेने शोधा मग हळूहळू मागे सरका. झेप साधारण शरीराच्या निम्म्या लांबीपर्यंत जाते, पण तुम्ही माप घेऊन उभे राहणार नाही, तेव्हा सहा-सात फुटांच्या आत थांबूच नका. फोटो झूम करून काढा. मारायला जाऊ नका, काठीने डिवचू नका, मेलेल्याचं डोकं सुद्धा नंतर बराच वेळ चावू शकतं.

चावला तर ९११ (इथला इमर्जन्सी नंबर), बस्स. गाडी स्वतः चालवू नका. सूज चढायच्या आत अंगठ्या, घड्याळ, बांगड्या, पायातली जोडवी काढा, आईलोकांच्या बाबतीत हे नक्की विसरलं जातं. कापणं, चोखणं, बर्फ, करकचून दोरी बांधणं यातलं काहीही करायचं नाही, हळद-चुना तर नाहीच. अमेरिकेत वर्षाला सात-आठ हजार लोकांना विषारी साप चावतात आणि मरतात साधारण पाच, कारण लोक वेळेत हॉस्पिटलला पोचतात. भारतातून अँटिव्हेनम (सापाच्या विषावरचं औषध) घेऊन येऊ का असं एका काकांनी खरंच विचारलं होतं, तर नाही, ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्यासाठी बनतं, इथे उपयोग नाही. इथलं औषध भयंकर महाग असतं, म्हणून आईबाबांचा व्हिजिटर इन्शुरन्स काढताना सर्वात स्वस्त प्लॅन उचलू नका आणि त्यात इमर्जन्सी किती कव्हर आहे ते वाचा.

घराच्या मागच्या अंगणात दिसला तर मुलं आणि कुत्रं आत घ्या आणि लांबून नजर ठेवा. काही गावांत फायर डिपार्टमेंटवाले येऊन घेऊन जातात, आधीच चौकशी करून नंबर फ्रिजवर लावून ठेवा. आणि ते लोक येऊन म्हणाले की अहो हा तर गोफर स्नेक, तर लाजायचं काही कारण नाही, तो बिनविषारी प्राणी डोकं चपटं करून वाळक्या पाल्यात शेपटी अशी काही आपटतो की भलेभले फसतात.