कापडावर समुद्र उतरवताय? या चुका टाळा

नागपुरातून कुठल्याही दिशेने निघा, समुद्र गाठायला एक रात्र तरी गाडीत काढावी लागते. तरीही माझ्याकडे कापडावरचं काम शिकायला येणाऱ्या बहुतेकींना पहिलं मोठं काम समुद्राचंच करायचं असतं. मला त्याचा आनंद आहे. कापड हलतं, त्याला घडी पडते, प्रकाश बदलला की त्याचा रंगही बदलतो. समुद्रासाठी याहून चांगलं माध्यम मला तरी माहीत नाही. पण दर बॅचला त्याच त्या चुका बघून आता वाटायला लागलं की एकदा सगळं लिहूनच काढावं.

समुद्र निळा असतो असं धरून चालणं

ही चूक सुई हातात घेण्याआधीच होते. इतवारीच्या बाजारात जायचं, निळ्या दोऱ्याच्या फिकटापासून गर्दपर्यंत सगळ्या लड्या घ्यायच्या आणि घरी येऊन वरून खाली ओळीने भरत सुटायचं. काम नीटनेटकं दिसतं, टाकेही सारखे येतात. पण त्यात पाणी कुठेच नसतं. निळ्या पट्ट्यांची चादर तयार होते.

आपण नागपूरकर समुद्र बघतो तो पुरीला, विशाखापट्टणमला, गोव्याला नाहीतर मुंबईला. या चारही ठिकाणचं पाणी वेगळं आहे. पुरीला लाट फुटते ती तळाची वाळू उचलूनच, म्हणून काठाजवळचं पाणी मातकट आणि त्यापलीकडे शेवाळी दिसतं. मुंबईला खाड्यांचा गाळ भरती-ओहोटीबरोबर आत-बाहेर होत राहतो. तिथल्या पाण्यात राखाडी आणि खाकी रंग जास्त. हिवाळ्यात तारकर्लीला जा, फिकट वाळूवरचं उथळ पाणी हिरवट काचेसारखं नितळ असतं. पाण्यात काय मिसळलंय, तळ किती खोल आहे आणि वर आभाळ कसं आहे, या तीन गोष्टींवर रंग ठरतो. त्या बघितल्याशिवाय दोरा विकत घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

यात एक गोष्ट नागपूरकरांना सांगायला मला फार आवडतं. सी. व्ही. रामन १९१० साली सरकारी अर्थखात्याच्या नोकरीत काही काळ आपल्या नागपुरात होते. पुढे १९२१ मध्ये इंग्लंडहून बोटीने परतताना भूमध्य समुद्राचा गर्द निळा रंग त्यांनी बघितला. त्या काळी समजूत अशी होती की समुद्र निळा दिसतो तो केवळ आभाळाच्या प्रतिबिंबामुळे. रामन यांनी प्रिझमच्या साहाय्याने पृष्ठभागावरचं प्रतिबिंब वगळून पाणी पाहिलं, तर निळाई गेली नाही. उलट जास्त गडद झाली. पाण्याचे रेणू स्वतःच प्रकाश विखुरतात, हे त्यांनी दाखवून दिलं. शिवाय पाणी लाल प्रकाश शोषून घेतं, त्यामुळे खोल पाण्यात निळाच उरतो.

आपल्या कामासाठी यातून फार नेमकी गोष्ट मिळते. समुद्राकडे बघताना डोळ्यांना दोन रंग एकदम दिसतात: वरचं आभाळाचं प्रतिबिंब आणि खालचा पाण्याचा स्वतःचा रंग. पोलराइज्ड, म्हणजे पाण्यावरची चकाकी अडवणारा, गॉगल एकदा लावून आणि एकदा काढून बघा, दोन्ही वेगळे होतील. कापडावरही ते वेगळेच ठेवा. पाण्याचा रंग कापड रंगवून आणा आणि आभाळाची चमक वरून दोऱ्याने द्या. दोन्ही कामं एकाच दोऱ्याकडून करून घ्यायला गेलं की सगळं सपाट होतं.

समुद्रावर जाताना मी पुठ्ठ्याच्या अरुंद पट्ट्या आणि दोऱ्यांचा डबा नेते. वाळूत बसायचं आणि जो रंग जितका दिसतो तितका दोरा पट्टीवर गुंडाळायचा. तीन बोटं मातकट, एक बोट शेवाळी, त्यावर पारव्या रंगाचे दोन फेरे, मध्येच मोतिया रंगाचा एकच फेरा. पट्टीच्या मागे ठिकाण, महिना आणि वेळ लिहायची. गिरगाव चौपाटीची श्रावणातल्या दुपारची माझी जी पट्टी आहे, तिच्यात निळा दोरा एकही नाही. तरी ती हातात घेतली की वर्गातल्या मुली 'समुद्र' म्हणतात.

मोबाइलचा फोटो याची जागा घेऊ शकत नाही. फोन आभाळ आणि पाणी स्वतःच्या मनाने जास्त निळं करतो, आणि घरी येऊन तुम्ही त्या निळ्याशी दोरा जुळवत बसता. फोटो लाटेच्या आकारासाठी ठेवा. ज्यांना लगेच जाणं शक्य नाही त्यांनी संध्याकाळी फुटाळा किंवा अंबाझरी तलावावर जाऊन प्रतिबिंबाचा अभ्यास करावा. वारा सुटला की प्रतिबिंब कसं तुटतं, हे तिथे उत्तम कळतं. समुद्राच्या रंगाचा अंदाज मात्र तलावावरून बांधू नका.

छोट्या चुका, पण रोजच्या

कापडाची खळ न काढणं. नव्या मांजरपाटावर पाण्याचा थेंब टाका. तो तसाच बसून राहिला तर रंगही असाच वर बसून राहणार. धुण्याचा सोडा आणि साबण घालून कापड उकळा, मगच पुढचं काम.

दुकानाच्या ट्यूबलाइटखाली शेड पसंत करणं. लडी घेऊन दुकानाच्या पायरीवर या. दुकानदार काही म्हणत नाहीत.

पॉलिस्टर मिसळलेलं कापड सुती समजून घेणं. एक धागा जाळून बघा; सुताची राख होते, पॉलिस्टरचा कडक मणी होतो.

भरतकामाच्या दोऱ्याचे सहाही पदर एकदम सुईत ओवणं. पदर सोडवा आणि एक शेवाळी, एक राखाडी असे दोन वेगळे पदर एकाच सुईत घ्या. रंग डोळ्यातच मिसळतो आणि पाणी हलल्यासारखं वाटतं. धूपछाव साडीत ताण्याचा रंग वेगळा आणि बाण्याचा वेगळा असतो म्हणूनच ती अंगावर झळझळते. इथेही तेच तत्त्व आहे.

फेसासाठी पांढराशुभ्र दोरा वापरणं. सावलीतला फेस राखाडी असतो, संध्याकाळचा पिवळसर. शुभ्र दोरा फक्त लाटेच्या माथ्यावर, तोही मोजका.

वाळूसाठी रेशीम रंगवत बसणं. आपल्या विदर्भात करवतकाठी साड्या ज्या कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, विणतात, त्याचा मूळ रंगच ओल्या वाळूचा आहे. त्याला हात लावू नका.

वाळलं म्हणजे पक्कं झालं असं समजणं

आता माझा सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय. थंड पाण्यात वापरायचे, धाग्याशी बांधले जाणारे प्रोसियनसारखे रिअ‍ॅक्टिव्ह रंग आणि धुण्याचा सोडा घेऊन सुती कापड रंगवायचं, ही पद्धत नवशिक्यांना सोपी जाते आणि मलाही पसंत आहे. पण रंगाची धाग्याशी बांधणी व्हायला दोन गोष्टी लागतात: ओल आणि वेळ. कापड वाळलं की बांधणी तिथेच थांबते. उरलेला रंग धाग्यावर नुसता बसलेला असतो, आणि पहिल्या धुण्यात निघून जातो.

व्हिडिओ पाहून शिकणाऱ्या मुली नेमक्या इथे फसतात. व्हिडिओत दिसतं तसं दमट हवेत कापड नुसतं पसरून ठेवलं तरी रात्रभर ओलसर राहतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो आणि हवेत ओल नावालाही नसते.

एका विद्यार्थिनीने बहिणीच्या नव्या घरासाठी भिंतीवर लावायची लांब पट्टी करायला घेतली होती. रंगांची निवड सुरेख होती, पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर दोरा गुंडाळून केलेली. मे महिन्यात भर दुपारी गच्चीवर फिरोजी आणि शेवाळी रंग लावले आणि कापड उन्हात पसरलं. अर्ध्या तासात ते पापडासारखं वाळलं. झालं असं समजून तिने ते न धुताच रिंगवर चढवलं आणि भरायला बसली. लाटेच्या माथ्यावर पांढऱ्या दोऱ्याचे शेकडो गाठीचे टाके घातले, एकेक गाठ मोहरीएवढी. कित्येक आठवड्यांचं काम होतं ते. भेट द्यायच्या आधी स्वच्छ असावं म्हणून पहिल्यांदा धुतलं. बादलीतलं पाणी मोरपिशी झालं. ते ओतून दुसरं घेतलं, तेही मोरपिशी. खोल समुद्र धुऊन फिका आकाशी झाला आणि सुटलेला रंग त्या पांढऱ्या गाठींनी पिऊन घेतला. पिशवीत ओलं कापड घेऊन ती माझ्या दारात उभी राहिली. "ताई, फेसच निळा झाला नं. आता उसवू का?"

गाठी उसवायच्या नसतात. कापडाला भोकं पडतात. आम्ही ती पट्टी साबणाच्या गरम पाण्यात पुन्हा पुन्हा धुतली, पाणी स्वच्छ येईपर्यंत. गाठींचा निळा बराचसा गेला आणि मागे राखाडी झाक उरली. गेलेली खोली तिने गर्द दोऱ्याच्या धावदोऱ्याने ओळ ओळ परत आणली. पट्टी वाचली, पण मुलीचा पूर्ण पावसाळा त्यात गेला. एक रात्र थांबली असती तर यातलं काहीच झालं नसतं.

म्हणून माझी पद्धत सांगते. रंग लावून झाला की कापडावर प्लास्टिकचा कागद पसरायचा आणि दोन्ही मिळून अळूवडीच्या उंड्यासारखं गुंडाळायचं, म्हणजे कापडाचे थर एकमेकांना लागत नाहीत. तो उंडा झाकणाच्या डब्यात ठेवून डबा सावलीत ठेवायचा. कूलरसमोर नाही, पंख्याखाली नाही. दुसऱ्या दिवशीपर्यंत उघडून बघायचंही नाही. मग आधी गार पाण्यात, नंतर कडकडीत गरम पाण्यात साबण घालून धुवायचं, आणि पाणी नितळ आल्यावरच सुई लावायची. हा क्रम मी कुणालाही बदलू देत नाही.

फिरोजीला तर जास्तच सांभाळावं लागतं, आणि समुद्रासाठी सगळ्यांना हवा असतो तो फिरोजीच. या रंगाचा रेणू मोठा असतो, तो धाग्याशी हळू बांधला जातो आणि त्याला ऊब लागते. त्यामुळे डिसेंबरातल्या आपल्या थंडीत फिरोजी नीट चढत नाही. गरम पाण्याचं भांडं शेजारी ठेवून दोन्ही एका बंद पेटीत ठेवावं लागतं. याउलट उन्हाळा फिरोजीसाठी उत्तम, फक्त ओल टिकवायला हवी. मी फिरोजीची मोठी कामं मुद्दाम एप्रिल-मेमध्येच घेते. सोडा घातलेला रंग मात्र तेव्हा थोडाच कालवा. काही तासांत त्याचा जोर जातो.

निळीच्या मडक्याला घाई करणं

नीळ, म्हणजे निळीच्या झाडापासून काढलेला रंग, पाण्यात विरघळत नाही. चुना आणि गूळ घालून ती आंबवावी तशी उबेत मुरवावी लागते, तेव्हा ती धाग्यात शिरण्याजोगी होते. मडकं तयार आहे की नाही ते सोपं कळतं: वर तांब्याच्या झाकेचा तवंग असतो आणि तो बाजूला केला की खालचं पाणी पिवळट हिरवं दिसतं. खालचं पाणीही निळंच असेल तर मडकं तयार नाही. थोडा गूळ घाला, ऊब द्या, झाका आणि उद्या या. पण 'निळं दिसतंय ना, बुडवू या' म्हणणाऱ्या मुली दर वर्षी भेटतात, आणि त्यांचा रंग हाताला लागून जातो.

दुसरी घाई गर्द रंगाची. कापड तासभर बुडवून ठेवल्याने गर्द निळा येत नाही. थोडा वेळ बुडवायचं, काढायचं, वाऱ्यावर धरायचं, परत बुडवायचं. कैरोजवळ फुस्तातच्या उत्खननात गुजरातेतून समुद्रमार्गे गेलेल्या छापील सुती कापडाचे तुकडे निघाले. त्यांतली निळाई शतकांनंतरही टिकून आहे. थर थर चढलेली नीळ अशीच टिकते.

मडक्यातून कापड वर येतं तेव्हा पिवळट हिरवं असतं. हवा लागली की कडेपासून रंग पालटायला लागतो: हिरवा, मग उथळ पाण्याचा समुद्री हिरवा, मग निळा. चुण्या जिथे मिटलेल्या राहतात तिथे हिरवा जरा जास्त वेळ थांबतो. मी प्रत्येकीला हे पूर्ण बघायला लावते, कारण समुद्राच्या सगळ्या छटा क्रमाने दिसतात. मात्र तो हिरवा ठेवता येत नाही. टिकाऊ हिरवा हवा असेल तर आधी तुरटी लावलेलं कापड डाळिंबाच्या सालीत पिवळं करून घ्या आणि मग निळीत एक-दोनदा बुडवा. हळद वापरू नका. हळदीचा पिवळा उन्हात उडतो आणि तुमचा हिरवा समुद्र पुन्हा निळा होतो.

मीठ सगळीकडे फेकणं

रंगवलेल्या ओल्या रेशमावर जाडं मीठ टाकलं की प्रत्येक खडा रंग ओढून घेतो आणि भोवती फेसासारखी नक्षी उमटते. ही युक्ती मला आवडते, पण पूर्ण कापडभर केली की समुद्राला गोवर निघाल्यासारखा दिसतो. लाट फुटते तेवढ्याच पट्ट्यात टाका. कापडावर पाणी साचलेलं नको आणि ते वाळायला लागलेलंही नको. चमक नुकतीच कमी होत असते तो क्षण पकडायचा. मीठ पूर्ण झटकल्याशिवाय इस्त्री फिरवू नका.

टांगताना

खिळे ठोकून ताणलेलं कापड लाटेसारखं पडत नाही. मागे सुती अस्तर लावा, वरच्या काठाला नळीसारखी पट्टी शिवा आणि तिच्यात लाकडी दांडी घाला. काच लावायची गरज नाही. पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत टाळा, कारण आपल्या उन्हापुढे कुठलाच रंग फार वर्षं तग धरत नाही. दुसरी जागाच नसेल तर होळी ते मृग पट्टी काढून ठेवा, घडी न घालता, पुठ्ठ्याच्या नळीवर मलमलीत गुंडाळून.