व्हीलचेअरवरून लग्नाला जायचंय? तयारी आठ दिवस आधीपासून

पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर माणूस घरातच बसला की नातेवाईक म्हणतात, ‘मनाने खचलाय.’ खचलेला असतोही. पण नीट विचारलं तर बरेचदा अडचण वेगळीच निघते: बाहेर लघवीचं काय? चारचौघांत पँट ओली झाली तर? धीर देण्याआधी याचा बंदोबस्त करायला हवा.

कॅथेटर (लघवी काढायची नळी) दर ४ ते ६ तासांनी घालत असाल तर निघण्याच्या तोंडावर मूत्राशय रिकामं करा आणि पुढच्या वेळेचा गजर लावा. त्या दिवशी पाणी तोडू नका. ही चूक फार जण करतात; लघवी दाट होते आणि संसर्गाला वाव मिळतो. पिशवीत २ कॅथेटर, जेली, साबण, झाकणाची बाटली, एक जादा पँट. हे सगळं घेऊन आधी एकदा घरातच, लग्नाच्याच कपड्यांत ३ तास खुर्चीत बसून पाहा. दर १५ ते ३० मिनिटांनी पुढे वाकून बुडावरचा भार काढायचा, तोही साधारण २ मिनिटं. क्षणभर उचलून भागत नाही, दबलेल्या कातडीत रक्त परत यायला तेवढा वेळ लागतो.

मग मंगल कार्यालयात फोन. ‘अपंगांची सोय आहे का?’ असं विचारलंत तर ‘आहे की’ एवढंच ऐकायला मिळेल. त्यापेक्षा विचारा: गेटपासून जेवणाच्या हॉलपर्यंत पायऱ्या किती? संडास कमोडचा का? त्याच्या दाराची मोकळी रुंदी किती इंच? दाराला टेप लावून काढलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा. आपली खुर्ची मात्र चाकांच्या बाहेरच्या रिंगपासून रिंगपर्यंत मोजा. नुसती सीट मोजली की फसगत होते.

‘फळी टाकू’ म्हणाले तर हिशेब करा. १ इंच उंचीला १२ इंच उतार लागतो, म्हणजे ६ इंची ३ पायऱ्यांना १८ फूट. चार फुटी फळीवर खुर्ची मागे उलटेल. उचलायचीच वेळ आली तर पक्क्या सांगाड्याला धरायचं. हात ठेवायची दांडी किंवा पाय ठेवायची पट्टी धरली तर ती निसटून हातात येते. आणि तुम्ही ‘हं’ म्हटल्याशिवाय खुर्चीला कुणाचा हात नको.

लोक विचारणारच. ‘अपघात झाला होता, आता बरं आहे. तुमची मुलगी काय करते?’ असं एक उत्तर तोंडात बसवून ठेवा. खोदून विचारणाऱ्याला ‘ते आज नको’ पुरे. वाढपी सोबत्याला विचारतो, ‘यांना जिलबी चालेल का?’ तेव्हा सोबत्याने गप्प राहून तुमच्याकडे बघायचं, हे घरून निघतानाच ठरवा. सगळ्यांत जास्त मनाला लागतं ते असं डावलणंच, आणि ते बदलतंही लवकर.

मुद्दाम केलेला अपमान सोसायचं कारण नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ९२ खाली चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान करणाऱ्याला ६ महिने ते ५ वर्षं कैद होऊ शकते.

आहेराचं पाकीट आणि रिक्षाचे सुटे पैसे सोबत्याकडे नको, तुमच्याच खिशात ठेवा.