फोनवाचून काम अडू नये म्हणून

स्मार्टफोन कमी वापरा, हा उपदेश विदर्भातील शेतकऱ्याला अर्धाच लागू पडतो. ई-पीक पाहणी, म्हणजे शेतातल्या पिकाची सरकारी नोंद, २०२१ पासून ॲपवर आली आणि २०२५ च्या हंगामात सीसीआयला (भारतीय कापूस महामंडळाला) हमीभावाने कापूस विकायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करावी लागली. त्यामुळे आधी वहीत दोन रकाने आखावेत: एकात फोनवाचून खरोखर अडणारी कामे लिहावीत, दुसऱ्यात केवळ सवयीने फोनवर होणारी.

पहिल्या रकान्यातील प्रत्येक कामाला दुसरी वाट शोधून ठेवावी. ई-पीक पाहणीच्या ॲपवर एकाच फोनवरून जमिनीच्या अनेक खातेदारांची नोंद करता येते. म्हणजे त्यासाठी घरोघरी स्मार्टफोन घेण्याची गरज नाही. बँक खात्याला जोडलेला क्रमांक मात्र स्वतःच्या साध्या, बटणांच्या फोनमध्ये ठेवावा. अनेक घरांत तो पुण्याला कामाला गेलेल्या मुलाच्या फोनमध्ये असतो आणि बापाला स्वतःचेच पैसे काढताना ओटीपीसाठी मुलाची सुट्टी होण्याची वाट पाहावी लागते. परावलंबन म्हणतात ते हेच, मग मुलगा कितीही गुणी असो. साध्या फोनवर ओटीपी येतोच, शिवाय *९९# लावून इंटरनेटशिवाय शिल्लक पाहता येते आणि पैसेही पाठवता येतात. पीकसल्ल्यासाठी किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा निःशुल्क क्रमांक आहे. महत्त्वाचे क्रमांक, सातबारा आणि पासबुकाची प्रत कागदावर ठेवावी, कारण चार्जिंग संपले किंवा फोन नाल्यात पडला तरी कागद कुठे जात नाही.

दुसरा रकाना सोपा, पण चिवट आहे. बँक व घरच्यांचे फोन वगळून बाकी सगळ्या ॲपच्या सूचना बंद कराव्यात, कापसाच्या भावाचे ग्रुप संध्याकाळी एकदाच उघडावेत आणि रात्री फोन उशापासून दूर, ओसरीत चार्जिंगला लावावा.

पुसद तालुक्यातील बान्सी ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांच्या मोबाइल वापरावर बंदीचा ठराव केला होता. आपल्या गावात असा ठराव मांडायचा असेल, तर पारावर मान खाली घालून रील पाहत बसणाऱ्या मोठ्यांचेही कलम त्यात घालावे. बदलाची सुरुवात शक्यतो उन्हाळ्यात करावी. पेरणीच्या आणि वेचणीच्या घाईत सिम बदलण्याचा किंवा बँकेत क्रमांक बदलून घेण्याचा व्याप मागे लावून घेऊ नये.