घरच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर लायसन्स: या चुका टाळा

सॉफ्टवेअरचं लायसन्स ही वापरण्याची परवानगी असते आणि ती कशाला तरी बांधलेली असते: मदरबोर्डला, खात्याला किंवा मुदतीला. कशाला, हे पैसे देण्याआधी विचारायचं. लोक विचारत नाहीत, म्हणून त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दुरुस्तीला येतात.

दुकानदाराच्या ईमेलवर मायक्रोसॉफ्ट ऑफिस सुरू करून घेणं

सगळ्यात जास्त नुकसान याच घाईतून होतं. नव्या लॅपटॉपबरोबर बऱ्याचदा ऑफिस होम अँड स्टुडंट 2021 किंवा ऑफिस होम 2024 येतं. ते ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून पहिल्यांदा सुरू कराल, त्याच खात्याला बांधलं जातं. गिऱ्हाईक घाईत असतं, खातं उघडायचा कंटाळा येतो, मग दुकानातला मुलगा स्वतःच्या ईमेलवरून काम उरकून देतो. दोन वर्षं काहीच बिघडत नाही. मग हार्ड डिस्क जाते, नवी एसएसडी बसते, विंडोज नव्याने टाकलं जातं आणि ऑफिस साइन-इन मागतं. तोवर तो मुलगा नोकरी सोडून गेलेला असतो. बिल तुमच्या नावावर आणि लायसन्स त्याच्या खात्यात! मग तेच ऑफिस पुन्हा विकत घ्यावं लागतं.

दुकानात ऑफिस उघडूच देऊ नका. घरी आणून स्वतःच्या खात्याने सुरू करा आणि त्या खात्याला स्वतःचा मोबाइल नंबर जोडलेला असू द्या. नंतर ब्राउझरमधून मायक्रोसॉफ्ट खात्यात शिरून ऑफिसचं नाव तिथे दिसतंय का ते पाहा. पान दिसलं की त्याची प्रिंट काढून बिलालाच टाचून ठेवावी. हे काम पुढे ढकलू नका, कारण लॅपटॉपबरोबरच्या ऑफिसला सुरू करण्याची मुदत असते.

‘प्रो टाकून देतो’ याला हो म्हणणं

आपल्याकडच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये विंडोज होम सिंगल लँग्वेज मुळातच असतं. त्याची ‘की’, म्हणजे लायसन्सचा कोड, मदरबोर्डच्या बायोसमध्ये (बोर्डातच साठवलेल्या मूळ प्रोग्रॅममध्ये) असते. फॉरमॅट करताना कारागीर विंडोज प्रो ही वेगळी आवृत्ती टाकतो आणि अ‍ॅक्टिव्हेटर, म्हणजे लायसन्सशिवाय विंडोज चालू करून देणारा प्रोग्रॅम, चालवतो. होमची की प्रोला चालत नाही, म्हणजे पैसे भरलेलं लायसन्स पडून राहतं आणि वर चोरीचं चालतं. अ‍ॅक्टिव्हेटर चालवण्यासाठी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, तिथेच थांबायला हवं.

तपासणी सोपी आहे. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, इंग्रजीत एसएलएमजीआर टाइप करा, एक जागा सोडून स्लॅश आणि डीएलआय लिहा (slmgr /dli), एंटर मारा. खिडकीत ओईएम (मशीनबरोबर आलेलं) किंवा रिटेल (सुटं विकत घेतलेलं) दिसलं तर बहुतेक ठीक. घरच्या मशीनवर व्हॉल्यूम केएमएस दिसलं तर ते संस्थांसाठीचं लायसन्स आहे. त्याचं अ‍ॅक्टिव्हेशन 180 दिवसांचं असतं आणि संस्थेच्या सर्व्हरकडून नूतनीकरण मागतं. ऑनलाइन पाच-सातशे रुपयांत ‘लाइफटाइम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कीजमध्ये अशा कीज बऱ्याच असतात.

उपाय फुकट आहे: डेटा बाजूला काढा, मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून पेनड्राइव्ह तयार करा आणि मूळ आवृत्तीच टाका. इंटरनेट लागलं की बायोसमधली की ओळखून विंडोज आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं. मात्र जुन्या बाजारातला मदरबोर्ड बसवला असेल, तर तुमची ओईएम की जुन्या बोर्डाबरोबर गेली असं समजा.

बाकीच्या चुका

मायक्रोसॉफ्ट 365 फॅमिली (ऑफिसचं घरासाठीचं मुदतीचं सदस्यत्व) घेऊन सगळ्या घराने एकच पासवर्ड वापरणं. योजना 6 जणांची आहे आणि प्रत्येकाला वेगळी 1 टीबी जागा मिळते. प्रत्येकाच्या खात्यावर आमंत्रण पाठवा.

होम अँड स्टुडंट 2021 वर क्लासची किंवा दुकानाची बिलं करणं. ते धंद्यासाठी नाही. खर्च नको असेल तर लिबरऑफिस वापरा, ते धंद्यालाही मोफत आहे. दुसऱ्याचा कॉम्प्युटर दुरून चालवायच्या टीमव्ह्यूअरची मोफत आवृत्तीसुद्धा फक्त खासगी वापरासाठी आहे; धंद्याचा संशय आला की कनेक्शन तोडते.

ऑटो-रिन्यूअल, म्हणजे मुदत संपली की सदस्यत्वाचे पैसे आपोआप कापले जाणं, न पाहणं. 15,000 रुपयांपर्यंतची अशी रक्कम कार्डावरून ओटीपीशिवाय जाऊ शकते. बँकेने किमान 24 तास आधी सूचना द्यायची असते, तो मेसेज वाचा. सदस्यत्व घेतल्याच दिवशी ऑटो-रिन्यूअल बंद करावं; भरलेली मुदत सहसा तरीही पूर्ण मिळते.

जुना लॅपटॉप विकताना खात्यातून साइन-आउट न करणं. ओईएम विंडोज लॅपटॉपबरोबर जातं, पण 365 तुमचंच राहतं. एका वेळी 5 उपकरणांवर साइन-इन करता येतं आणि विकलेलं मशीन त्यातली एक जागा अडवून बसतं. खात्याच्या पानावरून ते काढून टाका.